सात सीट, दहा दिवस : जुन्या मोठ्या गाड्यांचा आढावा

भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरच्या वसाहतीत कोणाच्या रिटायरमेंटला सहा महिने उरले की घरात दोन विषय निघतात. क्वार्टर सोडून राहायला कुठे जायचं, हा पहिला. दुसरा विषय सुरुवातीला हसत निघतो आणि मग रोज रात्री जेवताना निघतो : एक मोठी गाडी घेऊन टाकायची का? १९६४ साली इथे आयुध निर्माणी उभी राहिली, तेव्हापासून ड्युटीला सायकल, मग स्कूटर, मग मारुती हा क्रम तीन पिढ्यांनी पाहिला. आता शेवटची पायरी मोठ्या गाडीची. नव्या गाडीचं कोटेशन हातात पडलं की मात्र बोलणं वळतं. 'जुनी बघू. चांगली मिळते.'

चांगली मिळते हे खरं आहे. वाईटही मिळते, आणि बाहेरून दोन्ही सारख्याच चकचकीत दिसतात. म्हणून हा जमाखर्च.

आधी शब्दाचं बघू. कंपन्या एसयूव्ही, एमपीव्ही अशी वेगवेगळी खाती पाडतात. वसाहतीजवळच्या ठाणा पेट्रोलपंपाच्या चौकात उभं राहून विचाराल, तर बोलेरो, स्कॉर्पिओ, सफारी आणि इनोव्हा या सगळ्या 'मोठ्या गाड्या', आणि ब्रेझा, नेक्सॉन, क्रेटा या 'उंच गाड्या'. घर चालवणाऱ्याच्या दृष्टीने हीच वर्गवारी जास्त कामाची आहे, म्हणून इथे तीच धरली आहे.

जमेची बाजू

पहिला फायदा घसाऱ्याचा. विम्यासाठी गाडीची किंमत ठरवण्याचं जे कोष्टक आहे, त्यात चार वर्षं उलटून पाचवं लागलं की पन्नास टक्के घट धरतात. म्हणजे गाडीने उरलेलं आयुष्य काढायचं असतं आणि अर्धी किंमत पहिल्या मालकाने सोसलेली असते. सगळ्याच गाड्या या कोष्टकाप्रमाणे उतरत नाहीत. इनोव्हा उतरायला तयारच नसते, तर बंद पडलेल्या कंपनीची गाडी त्याहून वेगाने उतरते. पण हिशेबाला आधार मिळतो.

दुसरा फायदा कराचा. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या डिझेल गाडीला १४ टक्के रोड टॅक्स आहे. पंधरा लाखांच्या गाडीवर दोन लाख दहा हजार. तो पहिल्या मालकाने एकरकमी भरलेला असतो, आणि राज्यातल्या राज्यात नाव बदलताना तो पुन्हा भरावा लागत नाही.

तिसरा फायदा आपल्या मुलखाचा. भंडारा हा भाताचा आणि तलावांचा जिल्हा. रोवणीच्या दिवसांत पांदण रस्त्यावरून शेतापर्यंत जायचं, तर छोट्या गाडीचं पोट चिखलाला टेकतं. लोखंडी चौकटीवर बांधलेली मोठी गाडी तिथून निघून जाते, आणि परतताना दोन पोती तांदूळही आणते.

चौथ्या फायद्याबद्दल कोणी बोलत नाही, तो गुडघ्यांचा आहे. साठीच्या माणसाला खाली वाकून छोट्या गाडीत बसणं जड जातं. ब्रेझा, क्रेटा अशा गाड्यांची सीट कमरेच्या उंचीला येते, त्यामुळे नुसतं सरकून बसता येतं. मात्र बोलेरो किंवा जुन्या स्कॉर्पिओत चढावं लागतं, एका हाताने दांडी धरून. गाडी बघायला जाताना घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला सोबत न्या आणि त्यांना तीनदा चढ-उतार करायला सांगा. एवढ्यावरून निम्मा निर्णय होतो.

खर्चाची बाजू

किंमत अर्धी झाली तरी खर्च अर्धा होत नाही, हे जुन्या मोठ्या गाडीचं मूळ दुखणं. पाच लाखांत घेतलेल्या जुन्या सफारीचा टायर सफारीच्याच भावाने येतो. क्लच प्लेट, शॉकअप, लोअर आर्म यांचंही तेच. गाडी वजनदार, म्हणून ब्रेक आणि बुश लवकर जातात. त्यात विदर्भाचा उन्हाळा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात असताना सात माणसांना गार ठेवणं ही एसीची खरी परीक्षा असते, आणि बहुतेक जण गाडी बघतात थंडीत.

टायरची नक्षी शाबूत दिसली म्हणून फसू नये. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '२३१८' म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या गाडीचे टायर नवे दिसतात, पण आतून रबर कडक झालेलं असतं. अशा टायरवर भर उन्हात समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवर १२० च्या वेगाने जाणं म्हणजे जिवाशी खेळ.

मग तिसरी रांग. जाहिरातीत ती सात माणसांची जागा असते. प्रत्यक्षात जुन्या बोलेरोत आणि बऱ्याच जुन्या स्कॉर्पिओत मागच्या सीट समोरासमोर असतात, आणि त्यांना पट्टे नसतात. तिथे आपण बसवतो कोणाला, तर लहान मुलांना. पुढे तोंड करून बसण्याची तिसरी रांग असली, तरी तिथे माणसं बसली की बॅगा ठेवायला जागा उरत नाही.

सुरक्षिततेचा विषय निघालाच आहे, तर एक तारीख लक्षात ठेवावी. १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या कारला चालकाची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारा आवाज, वेगाचा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. एबीएस त्याच्या थोडं आधी सक्तीचं झालं, आणि शेजारच्या सीटची एअरबॅग २०२१ अखेरपर्यंत सगळ्या गाड्यांत आली. २०१९ च्या आधीच्या गाडीत या गोष्टी असतीलच असं नाही. त्या काळी स्वस्त मॉडेलमधून एअरबॅग सर्रास वगळत. गाड्यांची टक्कर-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने २०१६ मध्ये एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ आदळवून पाहिली, तेव्हा तिला शून्य तारे मिळाले. दोनच वर्षांनी, २०१८ मध्ये, ब्रेझाला चार आणि नेक्सॉनला पाच मिळाले. गाडी अवजड आणि उंच आहे म्हणून ती आपल्याला वाचवेल, ही समजूत या निकालांपुढे टिकत नाही.

तीन पिढ्या, तीन स्वभाव

बाजारातल्या जुन्या मोठ्या आणि उंच गाड्या ढोबळमानाने तीन पिढ्यांत बसतात.

पहिली पिढी चौकटीवाल्यांची. टाटा मोटर्स घडवणाऱ्या सुमंत मुळगावकरांच्या नावावरून जिचं नाव पडलं ती १९९४ ची टाटा सुमो, १९९८ ची सफारी, २००० ची बोलेरो आणि क्वालिस, २००२ ची स्कॉर्पिओ, आणि क्वालिसच्या जागी २००५ मध्ये आलेली इनोव्हा. लोखंडी चौकट खाली, बॉडी वर. या गाड्या हेलकावे देतात, वळणावर कलतात, डिझेल पितात. पण तुमसर, साकोली, पवनी, कुठेही बंद पडल्या तरी त्यांना उघडणारा माणूस सापडतो. बोलेरोचे पार्ट तर किराणा मिळावा तसे मिळतात. इनोव्हाचं २.५ लिटरचं जुनं इंजिन नीट ठेवलं तर मालकाला कंटाळा येईपर्यंत चालतं, फक्त त्याला टायमिंग बेल्ट आहे. दीड लाख किलोमीटरची इनोव्हा बघताना तो बदलल्याची पावती मागावी. २०१६ च्या क्रिस्टापासून तिथे चेन आली.

या पिढीतला मोठा धोका म्हणजे गाडीने आधी केलेलं काम. खाणी, वीज प्रकल्प, सरकारी कंत्राटं यांत बोलेरो भाड्याने लागतात, इनोव्हा टॅक्सीत लागते. नंतर पिवळी पाटी उतरवून ती पांढरी केली जाते, सीटकव्हर नवी घातली जातात आणि मीटर मागे फिरवलं जातं. मीटर फिरवता येतं, पण ब्रेक पेडलचं झिजलेलं रबर, गुळगुळीत झालेला गिअर नॉब आणि चालकाच्या बाजूने बसलेली सीट यांच्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. पन्नास हजार किलोमीटरला पेडल गुळगुळीत होत नसतं.

दुसरी पिढी २०११ ते २०१६ ची. महिंद्रा एक्सयूव्ही ५००, रेनॉ डस्टर, फोर्ड इकोस्पोर्ट, ह्युंदाई क्रेटा, मारुती व्हिटारा ब्रेझा. या गाड्यांना वेगळी चौकट नाही, बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे रस्त्यावर कारसारख्या चालतात आणि लांबच्या प्रवासात पाठ धरत नाही. आज बाजारात सर्वांत भुरळ घालणारे सौदे याच पिढीत आहेत, आणि सर्वांत महाग पडणारेही. एक्सयूव्ही ५०० आणि ११० अश्वशक्तीची डस्टर यांच्या क्लचमागे दुपदरी फ्लायव्हील असतं. ते गेलं की नुसती क्लच प्लेट बदलून भागत नाही. डस्टरच्या डिझेल इंजिनालाही टायमिंग बेल्ट आहे, आणि तो तुटला तर इंजिन उघडावं लागतं. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, आणि जनरल मोटर्सने त्याआधी २०१७ अखेर इथली विक्री बंद केली होती. म्हणून इकोस्पोर्ट स्वस्त मिळते, चालवायला गोड असते, आणि तिचा पार्ट कधीकधी वाट बघायला लावतो. नागपुरात राहणाऱ्याला ही वाट परवडते. जवाहरनगरला गाडी आठ दिवस उभी राहिली, तर बाजारहाटापासून दवाखान्यापर्यंत सगळं अडतं.

या पिढीतली जुनी डिझेल ब्रेझा मात्र वेगळी काढावी लागेल. तिचं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन स्विफ्ट आणि डिझायरमध्येही होतं, त्यामुळे गल्लीतल्या मिस्त्रीलाही ते पाठ आहे. एप्रिल २०२० मध्ये मारुतीने डिझेल बंद केलं, म्हणून या गाड्या संपत चालल्या आहेत आणि मालक किंमत सोडत नाहीत.

तिसरी पिढी २०१७ नंतरची, आणि त्यातही १ एप्रिल २०२० पासूनची, बीएस-सहा प्रदूषण नियमांची. नेक्सॉन, एक्सयूव्ही ३००, हॅरियर, सेल्टॉस, हेक्टर. सुरक्षितता चांगली, सोयी भरपूर, आणि इथेच जवाहरनगरकरांनी सर्वांत जास्त सावध राहायला हवं. बीएस-सहा डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारी गाळणी असते. साचलेली काजळी जाळायला गाडी मोठ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं एका लयीत पळवावी लागते. क्वार्टर ते गेट, गेट ते बाजार, बाजार ते क्वार्टर अशी तीन-तीन किलोमीटर चाललेली गाडी कधी त्या तापमानाला पोचतच नाही. गाळणी तुंबते, दिवा लागतो, गाडी दम टाकते. 'एका हाताची, वसाहतीतली, फक्त वीस हजार चाललेली' ही जाहिरात पेट्रोल गाडीसाठी सोन्यासारखी, पण बीएस-सहा डिझेलसाठी तेच वाक्य धोक्याची सूचना असतं.

पेट्रोलचीही एक अडचण आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि त्याला साजेसे पार्ट एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत आले. त्याआधीची गाडी बंद पडत नाही, पण ॲव्हरेज थोडं घसरतं, आणि जुन्या रबरी नळ्यांवर लक्ष ठेवावं लागतं.

पट्टा ओढून बघणे

मागच्या वर्षी शेजाऱ्यांसोबत मी नागपूरला एक पांढरी सात-सीटर बघायला गेलो होतो. ठाण्याचे मिस्त्रीही बरोबर होते. विकणारा बोलायला गोड, गाडी धुऊन पुसून उभी, किंमत अपेक्षेपेक्षा चाळीस हजारांनी कमी. शेजारी आतून खूश झालेले दिसत होते.

मिस्त्रींनी आधी बोनेटवर तळहात ठेवला. गरम होतं. "आमच्या यायच्या आधी चालू केली होती का?" विकणारा म्हणाला, "बॅटरी बसू नये म्हणून." थंड इंजिन चालू होताना जे रडतं, ते आम्हाला ऐकू येऊ नये याची सोय झाली होती. मग इंजिन चालू ठेवून त्यांनी ऑईलचं झाकण उघडलं आणि वर हात धरला. वाफ जोराने वर येत असेल तर इंजिन आतून झिजलेलं. इथे ते ठीक निघालं. सायलेन्सरमागे उभं राहून धूर पाहिला : निळा म्हणजे ऑईल जळतंय, पांढरा आणि न थांबणारा म्हणजे पाणी जातंय, काळा म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाही. तेही बरं होतं. शेजाऱ्यांचा हात खिशातल्या टोकनच्या पैशांकडे गेला.

तेवढ्यात मिस्त्री मागच्या सीटवर जाऊन बसले आणि सीटबेल्ट ओढू लागले. आपण ओढतो तेवढा नव्हे, अगदी संपेपर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रंगाची सरळ रेघ होती. सीटखालची मॅट वर केली, तर सीटचे बोल्ट गंजलेले, आणि एका कोपऱ्यात वाळलेल्या गाळाचा पापुद्रा. मिस्त्री खाली उतरले, हात झटकले आणि म्हणाले, "भाऊ, ही गाडी पोहून आली आहे."

कुठल्या पाण्यातून, ते कोणी सांगितलं नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेने भंडाऱ्यात घरं बुडवली आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीने नागपुरात वस्त्याच्या वस्त्या पाण्याखाली घातल्या, तेव्हा उभ्या गाड्यांचं काय झालं असेल याचा विचार आपण गाडी घेताना करत नाही. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन निघते, इंजिनही चालतं. वर्षभराने वायरिंग आणि सेन्सर एकेक करून जायला लागतात आणि गॅरेजवाल्याला कारण सापडत नाही.

कागदांचा हिशेब

इंजिनाइतकंच आरसी वाचणं महत्त्वाचं. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २०१२ ची गाडी आज घेतली तर २०२७ मध्ये पासिंगला उभं राहावं लागेल, आणि पंधरा ते वीस वर्षांच्या कारच्या नूतनीकरणाचं शुल्कच पाच हजार आहे. पर्यावरण कर वेगळा. दिल्लीकडच्या दहा वर्षांच्या डिझेल एसयूव्ही स्वस्तात दिसतात, कारण तिथे त्यांच्यावर बंधनं आली. तशी गाडी घेतली तर एनओसी, इथला टॅक्स, नवा नंबर आणि चार चकरा हे सगळं किमतीत मिळवून बघावं.

निर्माणीच्या वसाहतीत एक गोष्ट हमखास भेटते : बीएच नंबरची गाडी. केंद्र सरकारच्या आणि संरक्षण दलाच्या कर्मचाऱ्यांना हा नंबर २०२१ पासून मिळतो आणि अशा गाडीचा टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरलेला असतो. तुम्ही त्या सवलतीत बसत नसाल, तर भंडाऱ्याचा एमएच-३६ नंबर करून घेताना राज्याचा टॅक्स भरावा लागेल. वर सांगितलेला 'टॅक्स आधीच भरलेला' हा फायदा अशा गाडीला लागू होत नाही.

गाडीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. नाव बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन कागद कपाटात ठेवणं ही आपली जुनी खोड. ती विकणाऱ्यालाच जास्त बाधते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात निर्वाळा दिला, की गाडी कितीही हातांतून गेली तरी अपघाताच्या भरपाईसाठी आरसीवर ज्याचं नाव तोच मालक. घेणाऱ्यानेही चौदा दिवसांत विमा आपल्या नावावर करून घ्यावा, नाहीतर स्वतःच्या नुकसानीचा दावा अडकतो. आणि विकणाऱ्याचा नो-क्लेम बोनस त्याच्याबरोबरच जातो.

भाव करताना आणखी एक तारीख उपयोगी पडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनांच्या गाड्या १८ टक्क्यांवर आल्या, मोठ्या एसयूव्ही पन्नासवरून चाळीसवर. नवीच स्वस्त झाली म्हटल्यावर जुनीचा भाव तिथेच कसा राहील? तीन-चार वर्षांच्या नेक्सॉनचा भाव सांगणाऱ्याला नव्या नेक्सॉनचा आजचा भाव विचारावा आणि गप्प बसावं.

शेवटी वजन कशाचं?

आता मूळ प्रश्न. मोठी गाडी आपण कोणत्या दिवसासाठी घेतो? विचारलं तर उत्तरं ठरलेली असतात. पुतणीचं लग्न. दिवाळीनंतरची मंडईची जत्रा. पोरं-नातवंडं आली की नागझिरा, आंभोरा, रामटेक. मी आमच्या ओळीतल्या चार घरांना कॅलेंडर घेऊन बसवलं. गाडीत सहा किंवा सात माणसं बसतील असे दिवस मोजायला लावले. कोणाचाच आकडा वर्षाला दहाच्या पुढे गेला नाही. उरलेले तीनशे पंचावन्न दिवस गाडीत एक माणूस, फार तर दोन, आणि भाजीची पिशवी.

डिझेल-पेट्रोलचा हिशेबही याच कॅलेंडरवर करावा. समजा वर्षाला आठ हजार किलोमीटर. पेट्रोल गाडी बाराचं ॲव्हरेज देते, डिझेल सोळाचं. दर १०५ आणि ९२ धरले तर पेट्रोलचा खर्च सुमारे सत्तर हजार, डिझेलचा शेहेचाळीस हजार. वर्षाची बचत चोवीस हजार. एकदा क्लच आणि फ्लायव्हीलचं काम निघालं की जवळपास दोन वर्षांची बचत गेली. ज्याचं रोज नागपूर आहे, ज्याला शेतीचं सामान वाहायचं आहे, ज्याच्या घरात खरंच सात माणसं राहतात, त्याला जुनी इनोव्हा किंवा चांगली ठेवलेली स्कॉर्पिओ डोळे मिटून सांगता येते. डोळे मिटायचे ते मिस्त्रींनी उघडे ठेवून पाहिल्यानंतर. बाकीच्यांनी २०१९ नंतरची पाच सीटची उंच पेट्रोल गाडी बघावी आणि उरलेल्या पैशांतून पहिल्याच महिन्यात टायर, बॅटरी, ऑईल आणि कूलंट बदलून घ्यावं.

शेजाऱ्यांनी शेवटी तेच केलं. या दिवाळीत मुली-जावई आले, तेव्हा मंडईला जायला त्यांनी ठाण्यातून दोन दिवस बोलेरो सांगितली. मागच्या समोरासमोरच्या सीटवर मात्र त्यांनी कोणाला बसू दिलं नाही. तिथे सामान ठेवलं आणि उरलेली माणसं स्वतःच्या गाडीत घेतली. बोलेरोवाला पहाटे पाचला दारात हजर होता. रात्री दंडारीचं लोकनाट्य बघून सगळे परतले, तेव्हा चाकांना लागलेला चिखल धुवायचं काम त्याचं होतं.